पाय सुटलाच होता, पण अंपायरकडे जायचं कोणी?

अमेरिकेतल्या हायस्कूल सॉफ्टबॉलमध्ये सहायक कोचने अंपायरशी कधी बोलायचं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "कधीच नाही, ते मुख्य कोचचं काम." हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे. सहायक कोच सामनाभर अंपायरशी बोलतच असतो. आउट किती झाले विचारतो, टाइम (खेळ थोडा थांबवायची परवानगी) मागतो, बदली खेळाडू सांगतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. गाडी अडते ती एका विशिष्ट प्रकारच्या बोलण्यावर, आणि तिथे चूक झाली की किंमत धावांमध्ये मोजावी लागते.

पुढचा प्रसंग अभ्यासासाठी रचलेला आहे, कोणत्याही खऱ्या शाळेचा नाही. नियम मात्र खरे आहेत. ते एनएफएचएसच्या, म्हणजे नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्सच्या सॉफ्टबॉल नियमांवर बेतलेले आहेत. इंडियानापोलिसची ही संस्था नियम लिहिते, पण सामने चालवतात त्या राज्याराज्यांच्या संघटना, आणि त्यांच्या स्वतःच्या सूचना असतात. महाराष्ट्रातल्या शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा या पुस्तकावर चालत नाहीत, त्यामुळे इथलं सगळं उचलून तिथे लावू नये. अमेरिकेत मुलीच्या शाळेच्या संघाला मदत म्हणून स्कोअरबुक धरणाऱ्या किंवा पहिल्या बेसवर उभं राहणाऱ्या मराठी आईबाबांना मात्र यातलं बरंच काही थेट उपयोगी पडेल.

प्रसंग

व्हर्सिटी (शाळांच्या मुख्य संघांचा) सामना, ७ इनिंगचा, अंपायर दोन: एक होम प्लेटमागे, एक बेसजवळ. सहाव्या इनिंगचा खालचा अर्धा भाग चालू आहे. पाहुणा संघ ४–३ ने पुढे आहे आणि बॅटिंग यजमानांची आहे. एक आउट झालेला आहे, दुसऱ्या बेसवर धावक आहे. यजमानांच्या मुख्य कोच तिसऱ्या बेसच्या बॉक्समध्ये (कोचने उभं राहायच्या आखलेल्या जागेत) आहेत, त्यांचे सहायक पहिल्या बेसच्या.

बॅटरने दुसऱ्या बेसच्या खेळाडूच्या डाव्या हाताला जमिनीवरून चेंडू मारला. त्या मुलीने पळत जाऊन तो उचलला आणि तोल सावरता सावरता पहिल्या बेसकडे फेकला. फेक होम प्लेटच्या बाजूला गेली. पहिल्या बेसवरची खेळाडू ताणून पुढे झुकली, चेंडू हातमोज्यात आला, आणि त्याच क्षणी बॅटर बेसवर पोचली. बेस अंपायरने आउट दिलं. दरम्यान दुसऱ्या बेसवरची धावक आरामात तिसऱ्यावर पोचली आणि तिथे थांबली.

आता दोन आउट झाले आहेत आणि बरोबरी साधू शकणारी धावक तिसऱ्या बेसवर आहे. पहिल्या बेसवरच्या खेळाडूने चेंडू पिचरकडे टाकला. पिचर तिच्या वर्तुळात चेंडू घेऊन उभी राहिली.

सहायक कोचनी चेंडू झेलताना पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा पाय बेसवरून सुटलेला पाहिला होता, म्हणजे बॅटर आउट नव्हतीच. अगदी जवळून. ते बॉक्स सोडून चार पावलं आत आले आणि दोन्ही हात पसरून बेस अंपायरवर ओरडले, "पाय सुटला होता तिचा! कुठे बघत होतात?" बेस अंपायर त्यांच्याकडे वळले. तिकडे मुख्य कोचही बॉक्समधून निघाल्या आणि पहिल्या बेसच्या दिशेने चालू लागल्या. तिसऱ्या बेसवरच्या मुलीला वाटलं, खेळ थांबला आहे. कोचमागोमाग तीही दोन-तीन पावलं बेस सोडून आत आली.

प्लेट अंपायरने दोन्ही हात वर करून बॉल डेड (खेळ थांबला) असं दाखवलं, त्या धावकीकडे बोट केलं आणि आउट दिलं. तीन आउट. इनिंग संपली.

यजमानांच्या डगआउटमधून (संघ बसतो त्या जागेतून) एकच आरडाओरडा: "टाइम होता ना!" टाइम कुणीही दिलेला नव्हता. खरं तर कुणी मागितलाही नव्हता.

तिसऱ्या बेसवर काय घडलं

आधी हे निस्तरू, कारण सामन्याचं नुकसान इथे झालं. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये लुक-बॅक नावाचा नियम आहे. बॉल लाइव्ह आहे (खेळ चालू आहे), बॅटर-रनरने (चेंडू मारून धावणाऱ्या बॅटरने) पहिला बेस गाठलाय किंवा ती आउट झालीय, आणि पिचरच्या हातात चेंडू पक्का असून ती ८ फूट त्रिज्येच्या वर्तुळात आहे, या तीन गोष्टी जुळल्या की बेसवर थांबलेल्या धावकीला बेस सोडता येत नाही. सोडला तर ती आउट. दोन बेसच्या मध्ये असलेली धावक एकदा थांबू शकते, पण मग लगेच पुढे किंवा मागे जायला हवं. पिचरने वर्तुळ सोडलं, चेंडू तिच्या हातून सुटला, किंवा तिने कुणाला आउट करायचा प्रयत्न केला किंवा फेकण्याचा आव आणला, तर हे बंधन सुटतं. यातलं काहीच झालं नव्हतं. पिचर नुसती उभी होती, आणि तेवढं पुरेसं असतं.

मुलगी चोरून धावा काढायला निघाली नव्हती, हे मैदानावर सगळ्यांना कळत होतं. नियम तिचा हेतू विचारत नाही.

प्लेट अंपायरने टाइम द्यायला हवा होता का? या ठिकाणी अनुभवी अंपायर बहुतेक वेळा हात वर करून खेळ थांबवतात, कारण प्ले संपलेली असते आणि दोन्ही कोच बॉक्स सोडून निघालेले दिसत असतात. आमच्या मते इथे तसं करणं शहाणपणाचं झालं असतं. पण ते करणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. टाइम कुणीही मागू शकतं, देतो तो फक्त अंपायर. कोच बॉक्समधून बाहेर आला म्हणजे बॉल आपोआप डेड झाला, असा गैरसमज हायस्कूल पातळीवर फार पसरलेला आहे. अंपायर वळून कोचकडे बघायला लागला तरी टाइम झालेला नसतो. हात वर गेला, "टाइम" ऐकू आलं, की मगच.

सहायकाचं बोलणं: काय चालतं, काय नाही

सहायक कोचच्या तोंडून अंपायरकडे जाणाऱ्या गोष्टींचे ढोबळ तीन गट पडतात, आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी आहे.

पहिला गट कामकाजाचा. आउट किती, काउंट (बॉल-स्ट्राइकची मोजणी) काय, टाइम मिळेल का, आमच्या किती चार्ज्ड कॉन्फरन्स (खेळ थांबवून कोचने खेळाडूंशी केलेल्या, मोजल्या जाणाऱ्या चर्चा) झाल्या, बदली येतेय. यात वाद नसतो. बचाव करणाऱ्या संघाला ७ इनिंगमध्ये अशा तीन कॉन्फरन्स मिळतात. चौथी घेतली तर पिचरला त्या सामन्यात पुन्हा पिचिंग करता येत नाही. पिचरशी बोलायला सहायक कोचही जाऊ शकतो, त्यामुळे "किती उरल्या?" हा प्रश्न त्याने विचारणं स्वाभाविकच आहे. बदली बॉल डेड असताना प्लेट अंपायरला सांगायची. अनेक संघ हे काम लाइनअप कार्ड सांभाळणाऱ्या सहायकाकडेच देतात. सामन्याआधीच्या प्लेट मीटिंगमध्ये तसं सांगून ठेवलं की कुणी अडवत नाही. खेळाडू जखमी झाली तर अंपायरने बोलावल्यावर जो कोच जवळ असेल त्याने जावं. तिथे पद बघायचं नसतं. डोक्याला मार लागल्याची लक्षणं दिसली तर मुलीला लगेच बाहेर काढावंच लागतं आणि आरोग्य व्यावसायिकाने मोकळं केल्याशिवाय ती परत येत नाही. अशा वेळी सहायकाने अंपायरचं लक्ष वेधलं, तर ते त्याचं कर्तव्यच आहे.

दुसरा गट अपिलांचा, म्हणजे धावकीने बेस न शिवण्यासारखी चूक केली असं अंपायरला सांगून आउट मागण्याचा. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून याच्याकडे पुढे सविस्तर येऊ. तूर्तास इतकंच, की एनएफएचएस सॉफ्टबॉलमध्ये डेड-बॉल अपील (खेळ थांबलेला असतानाचं अपील) कोच किंवा बचाव करणारी कोणतीही खेळाडू करू शकते. तिथे 'मुख्य कोचच' अशी अट नाही.

तिसरा गट म्हणजे दिलेल्या निर्णयाबद्दल बोलणं. याचेही दोन कप्पे आहेत. नियम चुकीचा लावला गेला असं वाटलं, तर कोच योग्य निर्णय मागू शकतो. पण सेफ की आउट, बॉल की स्ट्राइक, फेअर की फाउल हे अंपायरच्या नजरेचे निर्णय अंतिम असतात. त्यावर वाद घालायचा हक्क मुख्य कोचलाही नाही. मुख्य कोच फार तर इतकंच विचारू शकतात, की तुम्हाला नीट दिसलं का आणि नसेल तर तुमच्या जोडीदाराला विचाराल का.

सहायकाने या तिसऱ्या गटात पाऊल टाकायचं नाही. हायस्कूल बेसबॉलच्या पुस्तकात हे थेट कलमात लिहिलेलं आहे. मुख्य कोच किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोडून दुसऱ्या कुणी कोचने नजरेच्या निर्णयावर वाद घालायला डगआउटचा किंवा कोचिंग बॉक्सचा परिसर सोडला, तर तो आणि मुख्य कोच दोघेही उरलेला सामना डगआउटमध्ये अडकतात. प्रकार फारच चिघळला तर बाहेर काढलं जातं. सॉफ्टबॉलचे अंपायरही मैदानावर याच रेषेने चालतात. खेळभावनेविरुद्धच्या वागण्याबद्दल ताकीद, डगआउटपुरतं मर्यादित करणं आणि हकालपट्टी ही हत्यारं त्यांच्या हातात असतातच. आपल्या राज्याच्या संघटनेने याबद्दल नेमकं काय कळवलंय, ते हंगामाआधी वाचून घ्यावं.

दोन कोच एका अंपायरवर चालून गेले की अंपायरला ते घेरल्यासारखं वाटतं, आणि मग तो ऐकण्याऐवजी बचावाच्या पवित्र्यात जातो. आपला मुद्दा खरा असला, तर हे आणखीच वाईट. खऱ्या मुद्द्याला शांत कान लागतो.

माहिती एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे

मूळ अडचण इथे आहे. बेस ६० फुटांवर असले की पहिल्या आणि तिसऱ्या बेसमधलं सरळ अंतर जवळपास ८५ फूट भरतं. मुख्य कोच तिसऱ्या बेसच्या बॉक्समध्ये होत्या. त्यांना तिथून पहिल्या बेसवरच्या मुलीची टाच दिसणं शक्यच नव्हतं, शिवाय त्यांची नजर स्वतःच्या धावकीवर होती. सहायक मात्र बेसच्या अगदी शेजारी होते. म्हणजे ज्यांना विचारायचा हक्क होता त्यांच्याकडे माहिती नव्हती, आणि ज्यांच्याकडे माहिती होती त्यांना हक्क नव्हता.

बहुतेक संघ खेळाडूंसाठी बंट, स्टील, हिट-अँड-रन अशा डझनभर खुणा बसवतात. "पाय सुटला", "चेंडू हातातून निसटला", "टॅग लागलाच नाही" यांसाठी कोचनी एकमेकांना द्यायची एकही खूण त्यांच्याकडे नसते. मग सहायकासमोर दोनच रस्ते उरतात, गप्प बसणं किंवा ओरडणं. आमच्या प्रकरणातल्या सहायकांनी दुसरा धरला.

तीन-चार खुणा पुरतात. टाचेला हात म्हणजे पाय सुटला. मूठ उघडून दाखवली म्हणजे चेंडू निसटला. दोन्ही तळहात खाली म्हणजे "निर्णय बरोबर आहे, येऊ नका". ही तिसरी खूण सर्वांत उपयोगी. मुख्य कोच ८५ फूट चालून येतात आणि सहायक त्यांच्या कानात म्हणतो, "नाही नाही, आउटच होती" — हे दृश्य अंपायरही विसरत नाहीत. पुढच्या वेळी त्या खऱ्या कारणाने आल्या तरी त्यांचं वजन तेवढं कमी झालेलं असतं.

प्रत्यक्ष क्रम असा हवा होता: सहायकांनी बॉक्समध्येच थांबून दोन्ही हात वर करावेत आणि मोठ्याने "टाइम, प्लीज" म्हणावं. ती विनंती करायला त्यांना पूर्ण मुभा आहे. टाइम मिळेपर्यंत तोंडाने फक्त धावकीला "बेसवर राहा" सांगायचं, कारण पिचरच्या हातात चेंडू आहे. टाइम मिळाला की मुख्य कोचना खूण. मुख्य कोच शांतपणे चालत येतात, वाटेत सहायकाकडून एक वाक्य ऐकतात आणि एकट्या पुढे जातात. सहायक बॉक्समध्येच. हे सगळं पुढचा चेंडू पडायच्या आत.

मुख्य कोचनी पुढे काय केलं

इनिंग संपली असं वाटून पाहुण्या संघाच्या मुली मैदान सोडू लागल्या होत्या. मुख्य कोचनी घाई केली ती योग्य जागी. त्यांनी हात वर केला, टाइम मागितला आणि सहायकाला एका शब्दात गप्प करून बॉक्सकडे परत पाठवलं. आधी प्लेट अंपायरकडे जायचा मोह आवरला. त्यांची तक्रार दोन वेगवेगळ्या निर्णयांबद्दल होती आणि ते दोन वेगवेगळ्या अंपायरांनी दिलेले होते. प्रश्न त्यालाच विचारायचा ज्याने निर्णय दिला. एका अंपायरला सोडून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे नको असलेलं उत्तर बदलून घ्यायचा प्रयत्न, आणि अंपायर तो लगेच ओळखतात.

बेस अंपायरना त्या म्हणाल्या, "ब्लू, मला पहिल्या बेसवरचा पाय सुटलेला वाटतोय. तुम्हाला बेस नीट दिसला का? शंका असेल तर पार्टनरला विचाराल का?" अमेरिकेत अंपायरना निळ्या गणवेशावरून सरसकट ब्लू म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. या वाक्यांत निर्णय चुकला असा आरोप नाही, 'सगळ्यांना दिसलं' नाही, आणि सहायकाचा उल्लेख नाही. "माझे असिस्टंट म्हणतात" हे जोडलं की प्रश्नाचं भांडण होतं.

बेस अंपायरने विचार केला. दुसऱ्या बेसवर धावक असल्यामुळे ते दुसऱ्या बेसच्या बाजूला उभे होते. तिथून पहिला बेस लांब आणि तिरका दिसतो. फेक होम प्लेटकडे खेचली गेली होती, म्हणजे पाय त्याच बाजूला सुटला असणार, आणि ती फट प्लेट अंपायरला समोरून दिसण्याची शक्यता जास्त. पाय सुटणं किंवा चेंडू निसटणं या अशा गोष्टी आहेत ज्यांत जोडीदाराकडे खरोखर वेगळी माहिती असू शकते. "पाय आधी की चेंडू आधी" यात तसं नसतं. तो बेस अंपायरचाच निर्णय, आणि तो विचारायला जाण्यात अर्थ नाही.

मदत मागायची की नाही, हे निर्णय देणाऱ्या अंपायरनेच ठरवायचं असतं. प्लेट अंपायरला दुरून काही दिसलं असलं तरी विचारल्याशिवाय त्याने मध्ये पडायचं नसतं. आणि कोचने विनंती केली म्हणून विचारलंच पाहिजे असंही नाही. इथे बेस अंपायर गेले. दोघं कोचपासून लांब, पाठ करून बोलले. प्लेट अंपायर तिसऱ्या बेसकडे नजर टाकायच्या आधी पहिल्या बेसकडेच बघत होते आणि त्यांना पाय हवेत दिसला होता. बेस अंपायरने परत येऊन निर्णय बदलला: बॅटर सेफ.

म्हणजे सहायक कोचचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं.

आता हिशेब करा. बॅटर पहिल्या बेसवर सेफ, तर आउट एकच. पण तिसऱ्या बेसवरच्या धावकीचा लुक-बॅक आउट कायम. बॅटरने पहिला बेस गाठला असला तरीही लुक-बॅकची अट पूर्ण होतच होती, त्यामुळे निर्णय उलटल्याने तो आउट पुसला जात नाही. आता दोन आउट आणि पहिल्या बेसवर धावक. ओरडण्याऐवजी टाइम मागितला असता आणि पाय सुटल्याचा निर्णय हाच आला असता, तर एकच आउट आणि पहिल्या-तिसऱ्या बेसवर धावक असती. बरोबरीची धाव तेव्हा ६० फुटांवर होती. एक फ्लाय बॉल पुरला असता.

मुख्य कोचनी आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो फालतू नव्हता. उलटलेल्या निर्णयामुळे एखादा संघ किंवा धावक अडचणीत आली असेल, तर ती परिस्थिती दुरुस्त करायचा अधिकार अंपायरना असतो. त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच सेफ दिलं असतं तर कुणी जागचं हललंच नसतं. मग तिसऱ्या बेसवरची मुलगी परत बसवा. प्लेट अंपायरने नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की धावकीने बेस सोडला तो आउटच्या निर्णयावर भरवसा ठेवून नाही, तर कोच चालू लागल्यामुळे खेळ थांबला असं समजून. बॅटरचं मात्र तसं नव्हतं. ती आउट दिल्यामुळे डगआउटकडे वळली होती, म्हणून तिला पहिल्या बेसवर परत ठेवणं बरोबर. आम्हाला प्लेट अंपायरचं म्हणणं पटतं. तरी दुसरा एखादा अंपायर धावकीला परत पाठवेल आणि त्याला पूर्ण चूक म्हणता येणार नाही, इतकी ही जागा निसरडी आहे.

यानंतर पाहुण्या संघाच्या मुख्य कोच आल्या. निर्णय कसा काय बदलला, हे विचारायचा त्यांना हक्क होताच. अंपायरने दोन वाक्यांत सांगितलं आणि त्या परत गेल्या. त्यांच्या सहायकाने मात्र या मोकळ्या वेळात पिचरभोवती सगळ्या इनफिल्डच्या मुली जमवून डावपेच सांगायला सुरुवात केली होती. अंपायरशी बोलणं चालू आहे म्हणून टाइम फुकट मिळाला असं धरू नये. अंपायर अशी सभा चार्ज्ड कॉन्फरन्स म्हणून मोजू शकतो. इथे प्लेट अंपायरने नुसतं बोलावून मुलींना जागेवर पाठवलं.

सहायकाला तोंडी ताकीद मिळाली आणि ती मुख्य कोचच्या देखत दिली गेली. ताकीद अशीच द्यावी, कारण बेंचच्या वागण्याची जबाबदारी शेवटी मुख्य कोचवर येते. पुढच्या बॅटरने पॉप-अप (वर उडालेला सोपा झेल) मारला. इनिंग खरोखर संपली. ४–३.

सातवी इनिंग: तेच सहायक, आता बोलायलाच हवं

वरच्या अर्ध्या भागात पाहुण्यांची बॅटिंग. एक आउट, पहिल्या बेसवर धावक. बॅटरने उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत चेंडू मारला. धावक पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेली, बॅटर दुसऱ्यावर थांबली. डगआउटच्या कठड्याशी स्कोअरबुक घेऊन बसलेल्या सहायकांनी पाहिलं, की पुढची धावक दुसऱ्या बेसच्या आतून वळली आणि तिचा पाय बेसला लागला नाही.

ताकीद खाल्लेला माणूस इथे गप्प बसतो, आणि ते चुकतं. अंपायरने स्वतः ही चूक पाहिली असली तरी अपील झाल्याशिवाय तो काही बोलणार नाही. बोलू नये असाच संकेत आहे. मुदतही छोटी: पुढचा चेंडू टाकला गेला, की अपील गेलं. अर्धी इनिंग संपली असेल तर पिचर आणि इनफिल्डच्या मुली फेअर टेरिटरी (फाउल रेषांच्या आतलं मैदान) सोडून जायच्या आत.

लाइव्ह-बॉल अपील (खेळ चालू असतानाचं) करायचं तर चेंडू हातात असलेल्या खेळाडूने तो बेस किंवा ती धावक शिवून दाखवावी लागते. कोचने डगआउटमधून ओरडून ते होत नाही, आणि चेंडू फेकाफेकीत इतर धावकी पुढे सरकायचा धोका असतो. डेड-बॉल अपील त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. धावकींची धावपळ पूर्ण झाली, टाइम मिळाला, की कोच किंवा बचावातली कोणतीही खेळाडू, हातात चेंडू असो वा नसो, तोंडाने अपील करू शकते.

सहायकांनी आधी मुख्य कोचना सांगितलं. त्यांनी मान हलवून "तुम्हीच करा, तुम्ही बघितलंय" म्हटलं. टाइम मागितला, मिळाला. सहायक डगआउटच्या बाहेर दोन पावलं येऊन प्लेट अंपायरना म्हणाले, "डेड-बॉल अपील. आता तिसऱ्या बेसवर असलेली धावक दुसरा बेस न शिवता गेली." धावक कोणती आणि बेस कोणता, दोन्ही सांगितलं. "ती बेस चुकली" एवढंच म्हटलं असतं तर अंपायरने परत विचारलं असतं, किंवा गप्प राहून वाट पाहिली असती. इथे चुकीचा बेस सांगितला तर अपील त्या बेसपुरतंच होतं.

दुसऱ्या बेसवर नजर बेस अंपायरची होती. त्यांनी मुठीने आउट दाखवलं. सहायक काही न बोलता आत गेले, आणि हेही महत्त्वाचं आहे. "नाही, सेफ" असं उत्तर आलं असतं तरी तिथेच थांबायचं, कारण पाय लागला की नाही हा अंपायरच्या नजरेचा निर्णय आणि तो पुन्हा तिसऱ्या गटात जातो. अपील करण्याचा हक्क सहायकाला आहे. अपिलाच्या निकालावर हुज्जत घालण्याचा नाही.

एक फरक लक्षात ठेवावा. पिचरच्या हातून चेंडू सुटायच्या आधी धावकीने बेस सोडला, तर ते अपील नाही. अंपायर स्वतः लगेच बॉल डेड करून आउट देतो, आणि दिलं नाही तर सहायकाने "ती लवकर निघाली!" असं ओरडणं म्हणजे नजरेच्या निर्णयावर आक्षेप. झेलल्या गेलेल्या फ्लाय बॉलला बचावातल्या खेळाडूचा पहिला स्पर्श होण्याआधी बेस सोडणं मात्र अपिलाचं प्रकरण. दोन्ही वेळा तक्रार "लवकर निघाली" अशीच असते. एका वेळी सहायक बोलू शकतो, दुसऱ्या वेळी नाही.

प्लेट मीटिंगमध्ये आधीच सोडवता येणाऱ्या गोष्टी

सामन्याआधी प्लेटपाशी मुख्य कोच आणि अंपायर भेटतात, लाइनअप कार्डं दिली जातात, मैदानाचे स्थानिक नियम ठरतात आणि मुख्य कोच आपल्या खेळाडूंची साधनं नियमाप्रमाणे असल्याचं सांगतात. त्यातच अर्धा मिनिट काढावा: "बदली माझे सहायक सांगतील. डेड-बॉल अपीलही ते करू शकतात. निर्णयाबद्दल काही असेल तर मीच येईन." बहुतेक अंपायरना हे ऐकून हायसं वाटतं. एखादा "बदलीही तुम्हीच सांगा" म्हणेल, तर तसं करावं. तिथे वाद घालायचं काही कारण नाही.

मुख्य कोच हजरच नसतील किंवा सामन्यात बाहेर काढल्या गेल्या, तर जो सहायक जबाबदारी घेतो तो त्या सामन्यापुरता मुख्य कोच. त्याचं नाव अंपायरना लगेच कळवायचं. न कळवता दोन सहायक आळीपाळीने येत राहिले, तर अंपायर दोघांनाही परत पाठवतो. मुख्य कोच डगआउटपुरत्या मर्यादित झाल्या असतील तर त्यांना बाहेर येता येत नाही, जखमी किंवा आजारी खेळाडूपाशी जाणं एवढाच अपवाद. त्यामुळे मैदानात जायचं काम कोणाचं, हे तेव्हाही आधी ठरवून अंपायरला सांगावं लागतं.

फोनवरचा व्हिडिओ घेऊन अंपायरकडे जाणं, मग तो सहायकाने न्यावा की मुख्य कोचनी, नियमित सामन्यात निरुपयोगी आणि चिघळवणारं आहे.

ज्युनियर व्हर्सिटी (शाळांच्या दुय्यम संघांच्या) सामन्यांत अनेकदा एकच अंपायर असतो. तिथे "पार्टनरला विचाराल का?" हा प्रश्नच उरत नाही, आणि प्लेटमागून त्याला पहिल्या बेसवरची टाच दिसली नसेल तर नसेल. अशा सामन्यात पहिल्या बेसच्या सहायकाने टाचेची खूण केली तरी मुख्य कोचनी फार तर "पाय दिसला का, ब्लू?" एवढं विचारावं आणि जे उत्तर मिळेल ते घेऊन परतावं.